पुढचं डावं चाक

आमच्या शोरूममध्ये 'गिऱ्हाईक' हा शब्द बंद होता. 'कस्टमर'सुद्धा चालत नसे. गाडी बघायला येतो तो पाहुणा, घेतो तो पाहुणा, आणि घेऊन झाल्यावर रोज फोन करून डोकं खातो तोही पाहुणाच. कंपनी जपानी, गाड्या महागड्या, आणि बेंगळुरूच्या ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यात आधी घोटून घेतलं होतं. आमचे मालक नागपूरच्या जुन्या व्यापारी घरातले. मी परत येऊन हे सांगितल्यावर ते म्हणाले, "पाहुणा म्हणाचं तं मंग त्याच्यापाशी पैसे कसे मांगाचे जी? पाहुण्याले तं चहा पाजून वापस धाडतेत."

मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली होते. त्याआधीची सगळी नोकरी हिंगणा रोडवरच्या एका साध्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये झाली होती. तिथे पाहुणा वगैरे भानगड नव्हती. माणूस दारातच ओरडायचा, मी उलट ओरडायची, आणि संध्याकाळी तो गाडी घेऊन जायचा. ती पक्की नोकरी सोडून मी या शोरूमचं वर्कशॉप उभं करायला आले. का आले, याचं उत्तर सरळ आहे. काम नवीन होतं आणि वर्कशॉपची प्रमुख मी असणार होते. जुन्या ठिकाणी मी कायम दोन नंबरवर होते.

ही कंपनी मुळात साध्या, टिकाऊ, परवडणाऱ्या गाड्या बनवणारी. टॅक्सीवाल्यांचा तिच्यावर जीव. श्रीमंत माणूस मात्र तिच्याकडे वळून बघत नसे. तिने ठरवलं की आपणही सगळ्यात भारी गाडी करायची, आणि तिच्यासाठी वेगळं नाव, वेगळं दुकान, वेगळी माणसं उभी केली. बेंगळुरूला त्या सुरुवातीच्या दिवसांच्या गोष्टी सांगायचे. गाडी बनवायची, मोडायची, परत बनवायची. काही इंजिनिअरांचं काम फक्त ऐकणं. मागच्या सीटवर बसायचं आणि कुठून काय वाजतंय ते शोधायचं. आवाज गादी लावून दाबायचा नाही, तो निघतो तिथेच बंद करायचा. मला हे पटलं. दाबलेला आवाज वर्कशॉपमध्ये माझ्याकडेच परत येतो, हा माझा अनुभव होता.

भारतात हा ब्रँड आधी मोठ्या शहरांत आला आणि मग हळूहळू आमच्यासारख्या शहरांकडे वळला. नागपुरात पैसा आहे. कोळशाच्या वाहतुकीतले कंत्राटदार आहेत, बिल्डर आहेत, डॉक्टर तर गल्लोगल्ली आहेत. पण इथला माणूस गाडीत बसायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, "सर्व्हिसिंग कुठं?" शोरूम तयार झालं होतं, काचा चमकत होत्या, पण वर्कशॉपला जपानच्या माणसाची परवानगी मिळायची होती. ती मिळेपर्यंत नागपूरची बिघडलेली गाडी ट्रकवर चढवून मुंबईला पाठवायची. अशी गाडी कोण घेणार? मालकांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "वर्कशॉप नाही झालं तं हे दुकान नाही. एक टेबल ठेवीन, एक माणूस ठेवीन. बाकी सारे आपापल्या घरी." बाकी सारे म्हणजे मी आणि माझी माणसं. हिंगणा रोडवरच्या माझ्या खुर्चीवर केव्हाच दुसरं कोणी बसलं होतं.

त्या माणसांतला सगळ्यात जुना माझा टेक्निशियन. आधीच्या सेंटरमधून मीच त्याला आणला होता. माझ्याच वयाचा, मूळ उमरेडकडचा, आता नंदनवनात राहणारा. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्याच्यामुळे वर्कशॉपमध्ये दिवसभर हसणं चालायचं, आणि एकदा ते हसणं महागात पडलं.

झालं असं की या जपानी लोकांची कामाची एक पद्धत आहे. काम करणाऱ्याने वस्तूकडे बोट दाखवायचं, नीट बघायचं, आणि काय बघितलं ते मोठ्याने बोलायचं. शेवटी एक शब्द म्हणायचा, 'योशी'. म्हणजे 'ठीक आहे'. पहिल्या दिवशी माझ्या टेक्निशियनने ब्रेककडे बोट दाखवून खणखणीत आवाजात "जोशी!" म्हटलं आणि सगळं वर्कशॉप फुटलं. मग ते थांबेचना. "पाहा गा, तेल चेक करा लागते, बोलवा जोशीले." "जोशीबुवा आले का? मंग चाक लावा." शिकवायला आलेला बेंगळुरूचा माणूस वैतागला आणि म्हणाला, राहू द्या तो शब्द, तुमच्या भाषेत काय करताय तेवढं मोठ्याने बोला. तेव्हापासून आमचे लोक बोट दाखवून आपल्या भाषेत बोलायला लागले. "तेल पाहून राहिलो." "हवा भरून राहिलो." काम चोख चालू होतं. कोणालाच काही खटकलं नाही, कारण आम्ही सगळे इथले.

इथला नव्हता तो एकच, आमचा विक्रीप्रमुख. पुण्याचा, हुशार, बोलण्यात साखर, बूट आरशासारखे. नागपुरात नवा होता. आल्या आल्या त्याने डिलिव्हरीच्या माणसाला फोन करून विचारलं, "कुठे आहेस?" तो म्हणाला, "येऊन राहिलो, साहेब." विक्रीप्रमुखाला वाटलं, हा येऊन थांबलाय. तो गेटबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला आणि वाट बघून लाल झाला. मालकांनी त्याला हसत हसत समजावलं, "अहो, येऊन राहिला म्हंजे आला नाही. रस्त्यात हाये. आमच्या इथं माणूस जेवून राहिला म्हंजे ताट उचलाचं नाही." विक्रीप्रमुख म्हणाला, "कळलं, कळलं." कळलंही असेल. पण घाई झाली की प्रत्येकाचा कान आपल्या गावाला पळतो.

परवानगी देणारे जपानी अधिकारी ज्या दिवशी येणार, त्या दिवशीचा कार्यक्रम मीच आखला होता. आधी डेमोची गाडी घेऊन एक फेरी, रिंग रोडने दिघोरी, तिथून उमरेड रोडला लागून पाचगावच्या पुढे आणि परत. मग वर्कशॉप बघणं. त्या रोडवर कोळशाचे ट्रक असतात, पण मध्ये लांब सरळ पट्टा आहे आणि तिथे गाडीचा वेग आणि शांतता दोन्ही दाखवता येतात. नियमाप्रमाणे चालवणाऱ्याने फोन शोरूममध्ये ठेवून जायचं. पाहुण्याच्या कानावर गाडीशिवाय दुसरं काही पडायला नको.

सकाळी गाडी पुसताना पुढच्या डाव्या टायरमध्ये खिळा दिसला. वेळ भरपूर होता. टेक्निशियनने चाक काढलं, पंक्चर काढून आणलं, परत लावायला घेतलं. मी माझ्या केबिनमध्ये होते. तेवढ्यात अधिकारी वेळेच्या बऱ्याच आधी येऊन पोचले. साठीकडे झुकलेले, बारीक, राखाडी सूट. सोबत दुभाषी मुलगी, आपल्या नागपूरचीच, पुण्यात जपानी शिकलेली. मालक हार घेऊन धावले. विक्रीप्रमुख गाडी आणायला वर्कशॉपकडे धावला.

पुढचं मी नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलं, आणि ते तंतोतंत जुळलं. गाडी लिफ्टवरून खाली उतरवलेली होती. टेक्निशियन चाकापाशी बसून साध्या पान्याने नट बसवत होता. विक्रीप्रमुखाने दारातूनच विचारलं, "चाक झालं का? नट टाईट?"

टेक्निशियनने शिकवल्याप्रमाणे नटाकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नट टाईट करून राहिलो, साहेब!"

विक्रीप्रमुखाने ऐकलं की हा नट टाईट करून बसलाय.

शेवटचं आवळणं अजून बाकी होतं. ते एका मोजणाऱ्या पान्याने करतात. ठरलेला जोर लागला की तो हातात कट्‌ करून वाजतो, तोपर्यंत नट नुसता बसवलेला असतो, आवळलेला नसतो. तो पाना महाग आणि नाजूक, म्हणून मी कपाटात ठेवायची आणि किल्ली माझ्याकडे असायची. टेक्निशियन किल्ली मागायला माझ्या केबिनमध्ये आला. मी उठून कपाट उघडलं. पाना घेऊन तो गेला आणि गेला तसाच परत आला.

"ताई, गाडी नाही."

"नाही म्हणजे?"

"जाग्यावर नाही. कोणं नेली?"

मी पुढे शोरूममध्ये आले. हाराची फुलं जमिनीवर पडलेली, चहाचे कप अर्धे, मालक काचेपाशी उभे राहून खुशीत हात हलवत होते. गाडी गेटबाहेर पडून वळलेली होती.

"किती छान गेली," मालक म्हणाले. "आवाजच नाही."

मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आधी ओरडले असते, मग खाली बसले असते, मग पाणी मागितलं असतं. तेवढा वेळ नव्हता. विक्रीप्रमुखाला फोन लावला. तो त्याच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये थरथरायला लागला. दुभाषी मुलीचा फोन बंद. माझी गाडी मागे होती आणि तिच्यापुढे सामानाचा टेम्पो लागलेला.

"तुमची मोटरसायकल?"

"भाईर हाये."

"चला."

"तुमी बसान काय मागं? या कोटात?"

"चला म्हटलं ना."

मी मागे बसले. पान्याचा लांब डबा मांडीवर आडवा धरला आणि डोक्यावर कोणाचं तरी ढगळ हेल्मेट चढवलं. टेक्निशियनने ज्या तऱ्हेने गाडी काढली त्यावरून कळलं की तो माझ्याइतकाच घाबरलाय.

"हातानं किती आवळले होते?" मी ओरडून विचारलं.

"बसवले होते, ताई. पान्यानं बसवले. पण जोर नाही दिला. जोर देऊन राहिलो असतो तेवढ्यात..."

गावातल्या रस्त्यावर, संथ चालवताना, काही होणार नाही हे मला माहीत होतं. सिग्नल, खड्डे, गर्दी. तिथे नट सैल असले तरी लगेच सुटत नाहीत. दिघोरीनंतर रस्ता मोकळा होतो. तिथे विक्रीप्रमुख वेग घेणार. घ्यायचाच होता, मीच तसं सांगितलं होतं. वेगात चाक डगमगायला लागतं, डगमगलं की नट आणखी सुटतो, आणि समोरून कोळशाचा भरलेला ट्रक. एवढा विचार मी केला आणि पुढचा करायचा नाही असं ठरवलं.

टेक्निशियन रिंग रोड सोडून मानेवाड्याच्या आतून निघाला. गल्ल्यांमधून, भाजीच्या गाड्यांना चुकवत, एका ठिकाणी सरळ कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवाच्या कडेने. आचारी ओरडला, "ए, आंधळा हायेस का बे?" टेक्निशियनने उत्तर दिलं नाही. रोज तो असल्या संधी सोडत नाही.

"ताई, माही नोकरी गेली ना?"

"आधी चाक बघू."

"नाही, सांगा ना. मी तं टाईट करून राहिलो म्हणालो त्याले. केलं म्हणालो नाही. करून राहिलो म्हणालो."

तेव्हा, त्या मोटरसायकलवर, मला कळलं काय झालंय ते. तोपर्यंत मी समजत होते की विक्रीप्रमुखाने विचारलंच नसेल. त्याने विचारलं होतं. याने सांगितलं होतं. दोघांनीही नियम पाळला होता. मला राग कोणावर काढायचा तेच कळेना, आणि त्यामुळे तो जास्तच आला.

दिघोरीच्या चौकात आम्हाला ती गाडी दिसेल अशी माझी आशा होती. नाही दिसली. टेक्निशियनने सिग्नलवरच्या पोलिसाला विचारलं, "पांढरी मोठी गाडी गेली का जी? नवीन?" पोलीस म्हणाला, "गेली ना. मस्त होती."

उमरेड रोडला लागल्यावर वारा तोंडावर यायला लागला आणि बोलणं बंद झालं. ट्रकच्या मागे काळी धूळ. प्रत्येक पांढरी गाडी दिसली की टेक्निशियनची पाठ ताठ व्हायची, आणि जवळ गेल्यावर ती दुसरीच निघायची. एका वळणावर रस्त्याच्या कडेला माणसं जमलेली दिसली. जवळ गेलो तर टरबूजवाला होता.

पाचगावच्या अलीकडे ती दिसली. रस्त्याच्या कडेला, डांबरावरून पूर्ण खाली उतरून उभी होती. चारही चाकं जागेवर होती, हे मी आधी बघितलं. विक्रीप्रमुख बाहेर उभा, चेहरा पांढरा. दुभाषी मुलगी त्याच्या शेजारी. आणि जपानी अधिकारी कोट काढून, पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. टेक्निशियनने मोटरसायकल थांबवली तरी ते वळले नाहीत. त्यांनी दोन बोटांनी एक नट धरला आणि फिरवला. नट फिरला.

विक्रीप्रमुख माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलायला लागला. "मॅडम, मला काही जाणवलं नाही हो. शपथ. स्टिअरिंग जरा हललं, मला वाटलं रस्ता खराब. यांनीच एकदम मागून खांद्यावर हात ठेवला, थांबवा म्हणाले. त्यांना काहीतरी ऐकू आलं म्हणे. मॅडम, आपण असं सांगू या का की ट्रकच्या धक्क्याने..."

"कुठल्या ट्रकच्या?"

"कुठल्याही."

"माझ्या हातात हा पाना आहे," मी म्हटलं. "पाना घेऊन मी एवढ्या लांब ट्रकच्या धक्क्यासाठी आले का?"

अधिकारी उठले. माझ्याकडे बघितलं, मग पान्याच्या डब्याकडे, मग टेक्निशियनकडे. त्यांनी एकच काहीतरी विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली, "ते विचारतात, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"गाडी निघाल्यावर कळलं. फोन लागला नाही. म्हणून आलो."

"आणि हे झालं कसं, असं विचारतात."

मी सांगितलं. खिळा, चाक, किल्ली, प्रश्न, उत्तर. 'करून राहिलो'पाशी आल्यावर दुभाषी मुलगी थांबली. ती नागपूरची, तिला लगेच कळलं. पुण्यात राहिलेली असल्यामुळे विक्रीप्रमुखाने काय ऐकलं तेही कळलं. पण तिने जपानीत सांगायला सुरुवात केली आणि अडखळली, परत सुरुवात केली, परत अडखळली. अधिकाऱ्यांनी मध्येच तिला थांबवून एक छोटं वाक्य म्हटलं. तिने जोरात मान हलवली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"ताई, जपानीतही असंच आहे," ती म्हणाली. "क्रियापदाला आपल्या 'करून'सारखं रूप लावायचं आणि पुढे असणं, राहणं. त्याचा अर्थ करतोय असाही होतो आणि केलेलं आहे असाही. मी ते सांगायला गेले की मलाच दोन्ही अर्थ लागतात. ते म्हणतात, हा गोंधळ आम्हाला चांगला माहीत आहे. म्हणून तर शेवटी योशी म्हणायचं. काय करतोय ते सांगून पुरत नाही. मी बघितलं, बरोबर आहे, हे वेगळं सांगावं लागतं." मग तिने अधिकाऱ्यांचं पुढचं वाक्य ऐकलं आणि माझी नजर टाळत म्हणाली, "विचारतात, तुमच्याकडे योशी का म्हणत नाहीत?"

टेक्निशियनने माझ्याकडे बघितलं. मी दुभाषी मुलीला म्हटलं, "सांग. हसू येतं म्हणून. जोशी आडनावासारखं वाटतं."

तिने ते सांगितलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी पान्याकडे बोट दाखवलं.

टेक्निशियन बसला. एकेका नटावर पाना चढवून आवळायला लागला. कट्. कट्. ट्रक गेला की आवाज बुडायचा, मग अधिकारी हात वर करून त्याला थांबवायचे आणि तोच नट परत करायला लावायचे. शेवटचा नट झाल्यावर टेक्निशियनने बोट दाखवलं, तोंड उघडलं, आणि त्याला काय म्हणावं तेच सुचेना. तो तसाच बोट दाखवून बसून राहिला.

अधिकाऱ्यांनी कोट चढवला आणि परत मागच्या सीटवर, त्याच जागी जाऊन बसले.

वर्कशॉपला त्यांनी त्या दिवशी परवानगी दिली नाही. मालकांच्या केबिनमध्ये, चहा न घेता, त्यांनी सांगितलं की जागा चांगली आहे, अवजारं चांगली आहेत, माणसं लपवत नाहीत. पण हे वर्कशॉप आज उघडणार नाही. काम संपल्याचा तुमचा एक शब्द नाही, तो आधी आणा. मालक म्हणाले, मग तुमचाच घेतो, योशी. अधिकारी नको म्हणाले. ज्या शब्दावर लोक हसतात तो कामाचा नाही. तुमचा शोधा, मी परत येईन, याच गाडीत बसेन.

ते गेल्यावर मालक माझ्यावर घसरले. "तुमी काहून सांगितलं त्याले सारं?"

"त्यांनी नट हाताने फिरवून बघितला होता, साहेब. आता काय राहिलं होतं सांगायचं?"

"मंग त्या टेक्निशियनले काढा. कोणाले तं काढा. जपानवाल्याले दिसलं पाह्यजे आपण काही केलं म्हणून."

"त्याने खरं तेच सांगितलं. त्याला काढायचं तर विक्रीप्रमुखाला काढा, बेंगळुरूच्या माणसाला काढा, आणि 'करून राहिलो' म्हणतो त्या प्रत्येकाला काढा. तुम्हीही म्हणता."

मालकांनी कोणाला काढलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी शोरूममधले अर्धे दिवे बंद ठेवायला सुरुवात केली. बघायला येणारे लोक यायचे, सर्व्हिसिंगचं विचारायचे आणि जायचे. विक्रीच्या दोन मुली दुसरीकडे लागल्या. माझ्या माणसांना दिवसभर काम नव्हतं, आणि काम नसलेलं वर्कशॉप किती घाण होतं ते बघायला हवं. मी त्यांना रोज त्याच गाडीची चाकं काढायला आणि लावायला लावली.

शब्दावरून भांडणं झाली. 'झालं' म्हणायचं म्हटलं तर टेक्निशियनच म्हणाला, "नाही ताई. झालंच बापा, असं आपन कवाही म्हणतो. न झाल्यावरही म्हणतो." ते खरं होतं. 'ओके' तर इथे प्रत्येक वाक्यात असतं. विक्रीप्रमुखाने 'पूर्ण' सुचवलं, त्यावर कोणी तरी म्हणालं, "बँकेत बसून राहिलो का आपन?" शेवटी 'पक्कं' ठरलं. तो शब्द अर्ध्या कामावर कोणी वापरत नाही. नियम असा की पान्याने आवळणारा एक, विचारणारा दुसरा, आणि 'पक्कं' म्हणताना चाकावर थाप मारायची. हाताने थाप मारायला माणूस चाकापाशी असावा लागतो. दारातून ओरडून चालत नाही. विचारणारा म्हणून मी विक्रीप्रमुखालाच बसवला. पहिल्या दिवशी त्याच्या पँटच्या गुडघ्याला ग्रीस लागलं. दुसऱ्या दिवशी तो जुनी पँट घालून आला.

अधिकारी परत आले तेव्हा सकाळपासून वर्कशॉपमध्येच होते. सगळी चाकं काढायला लावली, लावायला लावली, एकदा मुद्दाम टेक्निशियनला मध्येच हाक मारून उठवलं आणि परत आल्यावर तो कुठून सुरू करतो ते बघत राहिले. तो पहिल्या नटापासून सुरू झाला. थाप, "पक्कं!" विक्रीप्रमुख, "पक्कं?" परत थाप. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मालक काचेपलीकडे फेऱ्या मारत होते. होकार त्यांनी संध्याकाळी दिला, एका वाक्यात. पण त्याआधी ठरल्याप्रमाणे फेरी होती, आणि या वेळी पुढच्या सीटवर मी बसले.

दिघोरी गेली. विक्रीप्रमुखाने मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला. मागे अधिकाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. ऐकताहेत, मी समजले. मी मान वळवली नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. विक्रीप्रमुखाचे हात स्टिअरिंगवर घट्ट. कोळशाचे ट्रक समोरून येऊन जात होते आणि आत काही ऐकू येत नव्हतं. मागच्या वेळी गाडी थांबली होती तो आमचा कडेचा तुकडा आला, मागे पडला. पाचगावही मागे पडलं. मला ती शांतता सहन होईना. शेवटी मी आरशात दुभाषी मुलीकडे बघितलं आणि भुवया उंचावून विचारलं, काय?

ती पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, ते झोपले."

मी वळून बघितलं. तोंड जरासं उघडं, मान खिडकीकडे कललेली, हात मांडीवर सुटलेले.

"एसी जरा कमी करा," मी विक्रीप्रमुखाला म्हटलं. "आणि पुढे उमरेडपर्यंत जाऊन येऊ. लगेच वळू नका."